तीन कलमं, एक चाकू

कवीनं रेडिओवर येऊन चाकूबद्दल बोलावं, हे कुणाला विचित्र वाटेल. आमच्या वाट्याला सहसा पाऊस, आई आणि गाव हे विषय येतात. पण लेखणी आणि चाकू यांचं नातं फार जुनं आहे. बोरू तासल्याशिवाय अक्षर उमटत नसे आणि तासायला धारदार पातं हवंच. उर्दू-फारसीत त्या छोट्या चाकूला ‘कलमतराश’ म्हणतात, म्हणजे कलम तासणारा. इंग्रजीतला ‘पेननाइफ’ही तोच. पिसाची लेखणी तासायचा म्हणून त्याला ते नाव पडलं. लेखण्या बदलल्या, नाव तेवढं राहिलं.

मराठीत ‘कलम’ या शब्दाला तीन घरं आहेत. कलम म्हणजे लेखणी. कलम म्हणजे आंब्याचं कलम. आणि कलम म्हणजे कायद्याचं कलम. गंमत अशी की खिशातला साधा मिटता चाकू या तिन्ही घरांत जाऊन येतो. लेखणीच्या घरातलं त्याचं काम आता संपलं. उरलेल्या दोन घरांत मात्र त्याच्यावरून अजून वाद आहे, आणि तो वाद एका स्प्रिंगचा आहे. चाकू किती लवकर उघडावा, आणि त्याला उघडायला यंत्रानं मदत करावी का, एवढाच प्रश्न. ऐकायला क्षुल्लक वाटतो. आमच्या घरात तो खराखुरा उभा राहिला, म्हणून त्याच्याबद्दल चार गोष्टी सांगतो.

आधी चाकू उघडतो कसा ते पाहू. आपल्या ओळखीचा चाकू म्हणजे पात्यावर नखाएवढी खाच असलेला. एका हातानं मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख खाचेत घालायचं आणि पातं ओढायचं. मुठीच्या पाठीत एक पट्टीची स्प्रिंग असते. ती पातं उघडंही धरते आणि मिटलेलंही धरते. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात १८९० च्या सुमारास जोसेफ ओपिनेल यानं लाकडी मुठीचा शेतकऱ्यांचा चाकू बनवला. त्यात तर स्प्रिंगही नव्हती. लाकडाच्या घट्टपणावरच काम भागायचं. पातं अचानक मिटून बोट कापू नये म्हणून फिरवायची कडी त्याला १९५५ मध्ये बसली. हे सगळे दोन हातांचे चाकू.

पण काम करणाऱ्या माणसाचा एक हात बहुतेक वेळा अडकलेला असतो. दोर धरलेला, फांदी धरलेली, बैलाचं दावं धरलेलं. म्हणून एका हातानं उघडणारे चाकू आले. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या स्पायडरको कंपनीनं पात्याला गोल भोक पाडलं. त्या भोकात अंगठा टेकवून पातं ढकलायचं. काहींनी भोकाऐवजी बारीक खुंटी बसवली. यात स्प्रिंगची मदत नाही, सगळं काम अंगठ्याचं.

दुसऱ्या टोकाला खटक्याचा चाकू. मुठीवरचं बटण दाबलं की पातं आपोआप बाहेर येतं. आपल्या बटणाच्या छत्रीसारखं. छत्री उघडताना आपण फक्त हुकूम देतो, काम स्प्रिंग करते.

या दोहोंच्या मधे जो चाकू आला, त्याला इंग्रजीत ‘असिस्टेड ओपनिंग’ म्हणतात. आपण त्याला मदतनीस स्प्रिंगचा चाकू म्हणू. त्याला मुठीवर बटण नसतं. मिटलेला असताना त्याची ओढ मिटून राहण्याकडेच असते. अंगठ्यानं पात्यावरची खुंटी थोडी ढकलायची, किंवा पात्याच्या मुळाशी बाहेर आलेला कान बोटानं दाबायचा. पातं थोडंसं फिरलं की आतल्या स्प्रिंगची ओढ उलटते, आणि उरलेली वाट ती स्वतः पुरी करते. खट्! घरातल्या दिव्याचं बटण आठवा. ते अर्ध्यावर थांबत नाही. अर्ध्यापर्यंत तुम्ही ढकलता आणि मग ते स्वतःच पलीकडे जातं. तसंच हे. अमेरिकेत ब्लॅकी कॉलिन्स या कारागिरानं १९९५ मध्ये असा चाकू बाजारात आणला. मग हवाई बेटांवरच्या केन ओनियन या कारागिराची अशीच युक्ती १९९८ च्या सुमारास कर्शॉ कंपनीच्या चाकूंत आली आणि तिथून ती सगळीकडे पसरली.

आता कुणी विचारेल, बटणाचा चाकू असताना हा अर्धामुर्धा प्रकार कशाला? इथे कायद्याचं कलम येतं. अमेरिकेत १९५८ मध्ये खटक्याच्या चाकूंविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. राज्याराज्यांतला त्यांचा व्यापार आणि आयात बंद झाली. त्याआधीची काही वर्षं तिथल्या वर्तमानपत्रांत आणि सिनेमांत बिघडलेल्या तरुणांच्या हातात हाच चाकू दिसत होता. १९५५ च्या ‘रिबेल विदाउट अ कॉज’मध्ये जेम्स डीनची मारामारी याच चाकूनं होते. ब्रिटननं १९५९ मध्ये तसाच कायदा केला. स्वयंपाकघरातली सुरी जास्त लांब, जास्त धारदार. पण बंदी आली ती ‘खट्’ आवाजावर.

कायद्याची व्याख्या अशी होती की मुठीवरचं बटण दाबून जे उघडतं ते निषिद्ध. मग बटण मुठीवर ठेवलंच नाही, सुरुवात पात्यावरून करायची ठेवली, तर? मदतनीस स्प्रिंगला या फटीतून वाट मिळाली. २००९ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यानं ही फट बुजवायचा विचार केला, तेव्हा तिथल्या संसदेनं उलट कायद्यातच सुधारणा केली. ज्या चाकूची ओढ मिटून राहण्याकडे आहे आणि जो उघडायला हाताचा जोर लावावा लागतो, तो खटक्याचा चाकू नव्हे, असं लिहून टाकलं. ब्रिटननं नेमकं उलट केलं. २०१९ च्या कायद्यानं तिथली व्याख्या रुंदावली, आणि अर्धवट उघडलेलं पातं यंत्रानं पुरतं उघडत असेल तर तोही खटक्याचाच चाकू ठरला. आज तो नुसता घरात ठेवणंही तिथे गुन्हा आहे. एकच स्प्रिंग. समुद्राच्या एका काठाला ती मदतनीस, दुसऱ्या काठाला आरोपी.

आपल्याकडे ही कहाणी रामपूरची आहे. उत्तर प्रदेशातलं हे नबाबांचं गाव. तिथल्या कारागिरांचा खटक्याचा चाकू हिंदी सिनेमानं घरोघरी पोचवला. १९६५ च्या ‘वक्त’मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग माझ्या पिढीतल्या पोरांनी लाकडी फळीचा चाकू करून शंभरदा वठवला असेल. रामपुरीचे प्रकारही नावाजलेले. एक बटनदार. दुसरा गरारीदार, म्हणजे आत दात्यांची चकती असलेला, उघडताना कर्रकर्र वाजणारा. तो आवाज पडद्यावर ऐकू आला की खलनायक आला हे न बघता कळायचं. दिल्लीत १९८० मध्ये जी अधिसूचना निघाली तिच्यात ‘गरारीदार’ आणि ‘बटनदार’ हे शब्द जसेच्या तसे आहेत. स्प्रिंगनं किंवा दुसऱ्या कुठल्याही यांत्रिक युक्तीनं उघडणारा वा मिटणारा, ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्याचा चाकू सार्वजनिक जागी बाळगायला तिथे मनाई आली. मदतनीस स्प्रिंग त्या शब्दांतून सुटेल असं मला तरी वाटत नाही. त्याच रामपुरात २०२३ मध्ये एका चौकात सुमारे वीस फुटी चाकूचा पुतळा उभा राहिला आणि चौकाला ‘चाकू चौक’ नाव पडलं. कला म्हणून तिचा अभिमानही आहे, आणि खिशात सापडली तर भीतीही.

आता आमच्या घरची गोष्ट. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना भाई म्हणतो, रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याची कलमं बांधत आले. पावसाळ्यात कोय कलम बांधायचं म्हणजे उजव्या हातात चाकू आणि डाव्या हातात काडी. काप एका ओढीत यायला हवा, लांब आणि गुळगुळीत. रेंगाळलात की काडी आणि रोप यांचा सांधा जुळत नाही. तीन वर्षांपूर्वी भाईंना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं परत आलं, डाव्या हाताची बोटं आली नाहीत. कलम बांधणं आता त्यांची सून करते. पण बागेतली बाकीची कामं कुठे सुटतात? पेटीची सुतळी कापायची, खताची गोण फोडायची, ठिबकची नळी कापायची. भाई चाकू दातात धरून उघडू लागले. ते बघवत नव्हतं.

त्यांचा मुलगा बोटीवर आहे. आमच्या कोकणातल्या मुसलमानांत दर दोन घरांआड एक बोटीवरचा असतोच. अमेरिकेच्या एका बंदरातून त्यानं बापासाठी मदतनीस स्प्रिंगचा चाकू आणला. ‘अब्बा, आता दात नको. एका बोटाचं काम.’

आणि खरोखर एका बोटाचंच काम होतं. या चाकूचे गुण मी डोळ्यांनी पाहिलेत, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. हात ओला असो, चिखलाचा असो, हातमोजा घातलेला असो, तो उघडतो. अंगठ्याला ताकद फार लागत नाही. संधिवाताच्या माणसाला नखाची खाच म्हणजे शिक्षा असते, इथे ती नाही. पातं अर्धवट उघडून राहत नाही. ते पूर्ण उघडतं आणि आतली पट्टी त्याला अडकवून ठेवते. अर्धवट उघडलेला चाकू हा सगळ्यात वाईट चाकू, हे कुठलाही कारागीर सांगेल. पुतण्यासारखा माणूस डेकवर एका हातानं दोर धरून उभा असेल, तर हे गुण मोलाचे आहेत. आणि एक गोष्ट मला फार भावली. १९५८ च्या त्या अमेरिकन कायद्यातच एक अपवाद आहे. ज्याला एकच हात आहे अशा माणसाला तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा खटक्याचा चाकू जवळ बाळगायची मुभा आहे. भीतीपोटी केलेल्या कायद्यातही कुणाला तरी एका हाताच्या माणसाची आठवण झाली होती.

मग अडलं कुठे? अडलं मिटण्यापाशी.

श्रोतेहो, हे माझ्या आधी ध्यानात आलं नव्हतं, आणि जाहिरातींत ते कधी दिसतही नाही. सगळी मदत उघडण्याला आहे. मिटताना तीच स्प्रिंग उलट उभी राहते. अडकवलेली पट्टी अंगठ्यानं बाजूला सारायची, आणि त्याच हाताच्या बोटानं पातं स्प्रिंगच्या जोराविरुद्ध मागे ढकलायचं. हे करताना अंगठा पात्याच्या वाटेतच असतो. अर्ध्याच्या पुढे गेलं की ओढ पुन्हा उलटते आणि पातं झपकन मुठीत शिरतं. दोन हातांच्या माणसाला हे सहज जमतं. भाई चाकूची पाठ मांडीवर टेकवून तो मिटू लागले. दुसऱ्याच आठवड्यात अंगठ्याला पट्टी बांधलेली दिसली. ज्याच्यासाठी आणला त्यालाच तो मिटता येईना. साध्या भोकाच्या चाकूलाही मिटताना पट्टी सारावी लागते, पण तिथे पातं निदान स्प्रिंगचा जोर लावून झगडत नाही. शिवाय आता असे चाकू बेअरिंगवर फिरतात. बोटाच्या एका टिचकीनं स्प्रिंगशिवाय जवळजवळ तितक्याच झटकन उघडतात. तेव्हा मदतनीस स्प्रिंगचा वेगाचा दावाही पूर्वीइतका राहिलेला नाही.

दुसरी अडचण मळाची. आंब्याचा चीक, माती आणि कोकणातली दमट हवा. जितके भाग जास्त तितकं चिकटणं जास्त. आतली स्प्रिंग म्हणजे एक बारीक वाकवलेली तार. ती थकते, कधी तुटते. तुटली तरी बहुतेक चाकू हातानं उघडता येतात, पण त्यासाठी घेतलेला नसतो ना तो! साफ करायला खोलावा तर स्प्रिंग पुन्हा जागेवर बसवणं गावातल्या लोहाराला जमेलच असं नाही. तिसरी अडचण खिशाची. खिशात किल्ल्या असतात, नाणी असतात. खुंटीवर दाब आला आणि पातं थोडं हललं, की पुढचं काम करायला स्प्रिंग तयारच. म्हणून काही चाकूंना सरकवायची कडी देतात. म्हणजे लवकर उघडावा म्हणून स्प्रिंग, आणि लवकर उघडू नये म्हणून कडी!

चौथी अडचण आवाजाची. तो ‘खट्’ ऐकून नातवंडं धावत यायची. ‘दादा, पुन्हा करा ना.’ जे पुन्हापुन्हा करावंसं वाटतं ते अवजार राहत नाही, खेळणं होतं. पण आवाजाची खरी किंमत भाईंना एसटीत कळली. मे महिना, रत्नागिरी-चिपळूण गाडी, शेजारी एक बाई आणि तिचं लहान मूल. मूल आंब्यासाठी हटून बसलेलं. भाईंनी पिशवीतून हापूस काढला आणि खिशातला चाकू उघडला. खट्! बाईनं मुलाला ओढून मांडीवर घेतलं आणि ती खिडकीकडे सरकली. मागचे दोघे उठून उभे राहिले. कुणी काही बोललं नाही. भाईंनी आंबा चिरला, फोडी पुढे केल्या. कुणी घेतल्या नाहीत. भाईंची दाढी पांढरी आहे, डोक्यावर टोपी असते. एरवी याच भाईंच्या हातचा आंबा अख्खी एसटी खाते.

त्या बाईंचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिच्या कानांनी तो आवाज सिनेमातच ऐकलेला. भाई घरी येऊन एवढंच म्हणाले, ‘हा चाकू माझ्या आधी बोलतो.’

मला बासू चटर्जींचा १९८६ चा ‘एक रुका हुआ फैसला’ आठवला. १९५७ च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’वरून केलेला. बारा माणसं एका गरीब पोराच्या जिवाचा निवाडा करायला खोलीत बसलेली आणि टेबलावर एक खटक्याचा चाकू. असा चाकू दुसरा असूच शकत नाही, यावर सगळ्यांचा विश्वास. मग त्यांतला एक जण खिशातून अगदी तसाच चाकू काढून टेबलावर ठेवतो. तेवढ्या कृतीनं खोलीतली खात्री डळमळते. चाकूवरून माणूस ओळखता येतो, ही समजूत किती तकलादू आहे हे सांगायला त्याहून चांगला प्रसंग मी पाहिलेला नाही. पण सिनेमातल्या माणसांना विचार करायला अख्खा दिवस होता. एसटीतल्या बाईला अर्धा सेकंद होता. तो अर्धा सेकंदही त्या स्प्रिंगनं खाल्ला.

नखाच्या खाचेचा चाकू उघडायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात बघणाऱ्याला कळतं की म्हातारा माणूस आहे, हातात आंबा आहे, आता फोडी होणार. उघडणाऱ्यालाही कळतं की आपण काय करतो आहोत. स्प्रिंग वाचवते ती हीच दोन-तीन सेकंदं. दोर कापायचा असेल तर ती वाचवलीच पाहिजेत. आंबा कापायचा असेल तर ती वाचवून आपण काय मिळवतो?

तेव्हा असा चाकू घ्यावा की नाही, याचं माझं उत्तर असं. तुमचा एक हात कामानं अडकलेला असतो का, हे आधी बघा. चाकू उघडून बघता तसा, त्याच हातानं मिटूनही बघा, आणि तो दुकानातच मिटून बघा. तुमच्या कामात चिखल, चीक, मीठ किती आहे, घरात लहान मुलं आहेत का, याचा विचार करा. चाकू कुठे आणि कुणासमोर उघडणार हेही लक्षात घ्या. आणि कायदा. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची गोष्ट येते, आणि घरगुती व शेतीच्या हत्यारांना त्यातून वगळलेलं आहे. पण दिल्लीसारखी स्थानिक मनाई वेगळी असू शकते. प्रवासाला निघण्यापूर्वी विचारून घेतलेलं बरं.

भाईंच्या अडचणीवर तोडगा आमच्या भाभींनी काढला, आणि तो कुठल्याच कंपनीच्या यादीत नव्हता. कोकणातला शेतकरी पिढ्यान् पिढ्या कोयता मिटत नाही. कमरेच्या आकडीला तो अडकवतो, हवा तेव्हा काढतो, काम झालं की परत अडकवतो. दोन्ही कामं एका हाताची. भाभींनी लोहाराकडून चार बोटं पात्याची, न मिटणारी छोटी सुरी करून घेतली आणि चांभाराकडून तिला चामड्याचं म्यान. म्यान पट्ट्याला शिवलेलं. सुरी बाहेर येते तेव्हा आवाज होत नाही, आत जाते तेव्हा बोट कापत नाही. भाई आता सुनेच्या कलमाच्या चाकूलाही धार लावून देतात. दगड पाटाला ठोकून बसवलाय, त्यामुळे त्यालाही एकच हात पुरतो.

स्प्रिंगचा चाकू पुतण्या बोटीवर घेऊन गेला. तिथे तो योग्य जागी आहे. दोर आहेत, ओले हात आहेत, आणि आजूबाजूच्या माणसांना त्या आवाजाचा अर्थ ‘दोर कापतोय’ एवढाच माहीत आहे.